कातकाम आणि कारागिराची सुरक्षितता : वाराणसीच्या लाकूडकामाच्या निमित्ताने

वाराणसीच्या मणिकर्णिका घाटावर नावांनी आणि गाड्यांनी आलेल्या लाकडाचे ढीग पायऱ्यांच्या वरच्या अंगाला, भिंतींना टेकून रचलेले असतात. मोठ्या तराजूवर ओंडके तोलले जातात आणि वजनावर विकले जातात. चितेसाठी आंब्याचे लाकूड अधिक खपते. या घाटाची दगडी बांधणी अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकर यांनी करवून घेतली. शेजारचा शिंदे घाट ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांच्याशी निगडित आहे, आणि झाशीच्या राणीचे माहेरचे नावही मणिकर्णिकाच होते. त्यामुळे मराठी वाचकाला हा घाट परका नाही. मात्र याच घाटाच्या पाठीमागील गल्ल्यांतून विश्वनाथ गल्लीकडे गेले की लाकडाचे दुसरेच रूप दिसते. कुंकवासाठीचे लाखेने रंगविलेले सिंधोरे, भोवरे, डब्या, भातुकलीची भांडी, लहान वाडगे या वस्तूंनी तेथील दुकाने भरलेली असतात. घाटावर लाकडाचे मोल वजनावर ठरते, तर या दुकानांत ते कारागिराच्या हातावर ठरते.

या वस्तू प्रामुख्याने शहराच्या दक्षिणेकडील कश्मीरीगंज व खोजवाँ या वस्त्यांत तयार होतात. लाकूड यंत्रावर फिरवून धारदार हत्याराने त्याला गोल आकार देण्याच्या या कामास हिंदीत ‘खराद’ म्हणतात. मराठीत त्याला कातकाम आणि ते करणाऱ्यास कातारी अशी जुनी नावे आहेत. ‘कातीव खांब’ या शब्दात ती क्रिया अजून टिकून आहे. ‘वाराणसीची लाकडी लाखवस्तू व खेळणी’ या नावाने या कलेस २०१४-१५ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला. ३० ऑगस्ट २०२० रोजी ‘मन की बात’ कार्यक्रमात पंतप्रधानांनी देशातील खेळणी-केंद्रांचा उल्लेख केला, त्यात चन्नपट्टण, कोंडापल्ली, तंजावर व धुबरी यांच्यासोबत वाराणसीचेही नाव होते. वाराणसीचे ज्येष्ठ कारागीर गोदावरी सिंह यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. स्पर्धा परीक्षांचे विद्यार्थी बहुधा एवढी माहिती टिपून ठेवतात. परंतु लघु व कुटीर उद्योगाचा अभ्यास नाव, वर्ष आणि पुरस्कार यांच्याशी थांबला तर कारागिराचे प्रत्यक्ष काम नजरेआड राहते. त्या कामातील सर्वांत कसोटीचा क्षण यंत्र सुरू होण्यापूर्वी येतो. लाकूड लेथवर बसविण्याचा तो क्षण होय.

लाटणे आणि पोळपाट

कातकामाचे दोन मूलभूत प्रकार आहेत आणि दोन्हींची उदाहरणे प्रत्येक मराठी स्वयंपाकघरात असतात. लाटणे कातताना लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू, यंत्राच्या अक्षाला समांतर असतात आणि तुकडा दोन्ही टोकांनी दोन केंद्रांमध्ये धरलेला असतो. पोळपाट कातताना फळीची सपाट बाजू यंत्राकडे असते, तंतू अक्षाला काटकोनात असतात आणि आधार एकाच बाजूने मिळतो. रवी, भोवरा, पलंगाचा पाय ही लाटण्याची भावंडे. वाडगा, परात, मोठा कटोरा ही पोळपाटाची.

या भेदाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. लाटण्यासारख्या कामात दोन्ही बाजूंचा आधार असल्याने तुकडा सहसा जागा सोडत नाही. वाडग्याचे पोट कोरायचे म्हणजे पुढची बाजू मोकळी ठेवावीच लागते. सर्व भार मागच्या एका पकडीवर येतो. शिवाय प्रत्येक फेऱ्यात हत्याराखाली दोनदा उभे तंतू आणि दोनदा आडवे तंतू येतात, म्हणून कापण्याचा जोर सतत कमीजास्त होत राहतो. हत्याराची धार तंतूत रुतली की फिरणारे लाकूड क्षणभर अडते. तो धक्का हत्यार, हात आणि पकड यांपैकी जे दुबळे असेल त्याला मोडतो.

वाराणसीतील पारंपरिक काम बहुतांशी लहान वस्तूंचे आहे. तुकड्याचे एक टोक निमुळते करून यंत्राच्या पोकळ तोंडात ठोकून बसवायचे, ही तेथील व चन्नपट्टणची जुनी रीत. केवळ घर्षणावर टिकणारी ही पकड अंगठ्याएवढ्या जाडीच्या भोवऱ्याला पुरेशी ठरते. परंतु हत्याराचा तोच जोर अक्षापासून ३ सें.मी. अंतरावर लागण्याऐवजी १५ सें.मी. अंतरावर लागला तर पकडीवरील पीळ पाचपट होतो. सिंधोऱ्यासाठी योग्य असलेली पकड फूटभर रुंदीच्या वाडग्याला चालेल, असे गृहीत धरणे हीच अनेक अपघातांची सुरुवात असते. बाजारात सजावटीच्या मोठ्या भांड्यांना मागणी येते आणि कारागीर हाताशी असलेल्या साधनांनिशी मोठे काम अंगावर घेतो. हा मोह समजण्यासारखा आहे. पण यंत्राला तो समजत नाही.

वेग, वजन आणि केंद्र

पूर्वी लेथ दोरीने किंवा धनुकलीने फिरविला जाई. साहाय्यक दोरी ओढे, तुकडा एकदा पुढे व एकदा मागे फिरे, आणि कारागीर पुढच्या फेऱ्यातच कापत असे. वेग बेताचा असल्याने सुटलेला तुकडा बहुधा पायाशी पडे. विजेच्या मोटरीने हे चित्र बदलले. उत्पादन वाढले, साहाय्यकाचे श्रम वाचले, मात्र चुकीची किंमतही वाढली. ती किती वाढली हे शालेय भौतिकशास्त्राच्या आधारे काढता येते.

३० सें.मी. व्यासाचा आणि ४ किलो वजनाचा लाकडाचा गोल तुकडा मिनिटाला ६०० फेऱ्यांनी फिरत आहे असे समजू. त्याच्या कडेचा वेग सेकंदाला सुमारे ९.४ मीटर, म्हणजे ताशी ३४ किलोमीटर होतो. त्यात साठलेली गतिज ऊर्जा सुमारे ८९ ज्यूल भरते. फेरे दुप्पट, म्हणजे १,२०० केले तर कडेचा वेग दुप्पट होतो, पण ऊर्जा चौपट होऊन ३५५ ज्यूलच्या घरात जाते. चार किलोचा धोंडा तीन मजली इमारतीच्या उंचीवरून, साधारण नऊ मीटरवरून, खाली यावा तेवढी ही ऊर्जा आहे.

दुसरी गोष्ट केंद्राची. तुकड्याचा गुरुत्वमध्य अक्षापासून केवळ ५ मि.मी. सरकलेला असेल, तर ६०० फेऱ्यांना पकडीवर सुमारे ७९ न्यूटन, म्हणजे ८ किलो वजनाइतके बल येते. त्या बलाची दिशा सेकंदाला दहा वेळा पूर्ण फिरते. १,२०० फेऱ्यांना हेच बल ३२ किलो वजनाइतके होते. स्क्रू सैल होणे, लेथ जमिनीवर चालू लागणे, पकडीतील लाकूड चुरडणे या सर्वांमागे हे फिरते बल असते. वस्तुमान, केंद्रापासूनचे अंतर आणि कोनीय वेगाचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे हे बल. यांतील वेगाचा वर्ग होतो, म्हणूनच वेग ही सर्वांत शेवटी वाढवायची गोष्ट आहे.

कातारी मंडळींत जगभर एक ढोबळ हिशेब वापरला जातो. व्यासाचे इंच आणि मिनिटाचे फेरे यांचा गुणाकार ६,००० ते ९,००० यांच्या दरम्यान असावा. बारा इंची वाडग्याला यानुसार ५०० ते ७५० फेरे येतात, सहा इंचीला १,००० ते १,५००. ही मर्यादा गोल झालेल्या, तोल साधलेल्या तुकड्यासाठी आहे. ओबडधोबड तुकडा यंत्राच्या सर्वांत कमी वेगावरच सुरू करावा लागतो.

लाकडाची पारख

वाराणसीत या कामासाठी पूर्वापार कोरैया हे लाकूड पसंत केले जाई. बारीक पोताचे आणि लाख चांगली धरणारे म्हणून त्याची ख्याती होती. जंगलातून ते मिळणे अवघड होत गेल्यावर निलगिरीसारख्या लाकडाचा वापर वाढला. चन्नपट्टणला कुड्याच्या जातीचे लाकूड चालते. आपल्याकडे सावंतवाडीच्या चितारआळीतील लाकडी वस्तूंसाठी पांगाऱ्याचे हलके लाकूड प्रसिद्ध आहे. सावंतवाडीच्या राजघराण्यातील शिवरामराजे व सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात तेथील लाखकाम व गंजिफा यांना नवे बळ दिले. लाकूड बदलले की पकडीचा हिशेबही बदलतो, ही बाब चर्चेत फारशी येत नाही. मऊ पांगाऱ्यात स्क्रूची पकड कमी असते, तर सुकताना पीळ पडणाऱ्या व चिरण्याची खोड असलेल्या निलगिरीत लपलेली भेग हा मुख्य धोका असतो.

तुकडा निवडताना गाभ्याची रेषा वगळणे इष्ट. झाडाच्या मध्यातील गाभा ज्या तुकड्यात असतो तो सुकताना हमखास तडकतो. सुटू पाहणारी साल, मेलेली गाठ, कीड लागलेला भाग आणि टोकाकडील बारीक चिरा यांची तपासणी उजेडात व्हावी. तुकडा हातात धरून बोटाच्या पेराने ठोकल्यास अखंड लाकूड खणखणीत आवाज देते, भेगाळलेले बद्द वाजते. खिळा किंवा तारेचा तुकडा आत राहिलेला असू शकतो. वस्तीतील जुन्या झाडांच्या लाकडात हा धोका विशेष असतो.

ओलाव्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. लाकूड सुकताना वर्तुळरेषांच्या दिशेने जेवढे आकसते, त्याच्या सुमारे निम्मेच ते गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेने आकसते. परिणामी ओल्या लाकडात आज अचूक गोल कातलेला भाग उद्या लंबगोल होतो. संध्याकाळी घट्ट बसविलेला वाडगा यंत्रावरच ठेवून कारागीर घरी गेला, तर सकाळी तीच पकड ढिली झालेली असते, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. मोठे वाडगे म्हणून दोन टप्प्यांत कातले जातात. प्रथम व्यासाच्या एक दशांश जाडीची भिंत ठेवून कच्चा आकार काढतात, तो काही महिने सावलीत सुकू देतात, आणि मग पकडीचा भाग पुन्हा गोल करूनच अंतिम काम हाती घेतात.

पकडीच्या रीती

तुकडा यंत्रावर चढविण्यापूर्वी तो शक्य तितका गोल करणे हे पहिले काम. चौकोनी फळीचे चार कोपरे करवतीने कापून अष्टकोन केला तरी तोल बराच सुधारतो. मध्यबिंदू कर्णांच्या छेदाने काढता येतो. मात्र तुकड्याची एक बाजू जाड वा ओली असेल तर भूमितीचा मध्य आणि वजनाचा मध्य एक नसतात. अनुभवी कारागीर अशा वेळी तुकडा दोन टोकांवर सैल टांगून हाताने फिरवतो. जड बाजू प्रत्येक वेळी खाली येऊन थांबली की मध्य किंचित त्या बाजूला सरकवतो.

नवशिक्यासाठी सर्वांत भरवशाची पकड म्हणजे फेस प्लेट. लोखंडाची ही गोल तबकडी यंत्राच्या स्पिंडलवर आट्यांनी चढते आणि तिच्या छिद्रांतून लाकडात स्क्रू पिळले जातात. पोळपाटाच्या जातीच्या तुकड्यात स्क्रू तंतूंना आडवा जातो, म्हणून तो घट्ट धरतो. लाटण्याच्या जातीच्या तुकड्यात तो तंतूंच्या मधून शिरतो आणि थोड्याच जोराने उपसून येतो. ज्या बाजूला तबकडी बसणार ती बाजू रंध्याने पूर्ण सपाट केलेली असावी. फुगीर पृष्ठावर तबकडी झुलते आणि स्क्रू आळीपाळीने ओढले जातात. फूटभर व्यासाच्या तुकड्याला सहा ते आठ जाड स्क्रू, प्रत्येकी लाकडात २० ते २५ मि.मी. शिरलेले, आणि त्यांच्यासाठी आधी पाडलेली बारीक छिद्रे असा बेत योग्य ठरतो. जिप्समच्या फळ्यांसाठी मिळणारे काळे स्क्रू स्वस्त असले तरी ठिसूळ असतात. आडवा धक्का बसला की ते न वाकता तुटतात. तेथे बचत करू नये. स्क्रू किती खोल गेले आहेत याची नोंद तुकड्यावरच पेन्सिलने करावी, अन्यथा पोट कोरताना हत्याराची धार पोलादावर जाते.

दुसरी रीत चार जबड्यांच्या चकची. आधी फेस प्लेटवर किंवा दोन केंद्रांमध्ये धरून वाडग्याची बाहेरची बाजू कातायची. त्याच वेळी बुडाशी एक गोल खुंटा, सुतारांच्या भाषेत कुसू, काढायचा. मग तुकडा उलटा करून हा खुंटा जबड्यांत धरायचा आणि पोट कोरायचे. यात लक्ष देण्याच्या जागा थोड्या आहेत, पण प्रत्येक निर्णायक आहे. खुंट्याचा व्यास वाडग्याच्या व्यासाच्या एक तृतीयांशाहून कमी नसावा. फूटभर वाडग्याला १० ते १२ सें.मी. असावा. खुंट्याच्या मुळाशी स्वच्छ काटकोनी खांदा असावा आणि तो जबड्यांच्या माथ्यावर सर्व बाजूंनी टेकलेला असावा. खुंट्याचे टोक मात्र चकच्या तळाला टेकता कामा नये. ते टेकले तर खांदा अधांतरी राहतो आणि सगळा भार जबड्यांच्या टोकांवर येतो. ही चूक सर्वाधिक आढळते. पकड हाताला घट्ट लागत असल्याने ती ओळखूही येत नाही. जबडे मिळून जवळजवळ पूर्ण वर्तुळ करतील अशा मापाचा खुंटा उत्तम धरला जातो. फार पसरलेले जबडे केवळ आठ टोकांनी चावतात आणि लाकूड चुरडतात.

खुंट्याऐवजी बुडात खळगा करून जबडे आतून बाहेर ताणण्याचीही पद्धत आहे. ती दिसायला सुबक असते, कारण नंतर काही कापून टाकावे लागत नाही. परंतु बाहेर ताणणारा जबडा पाचरीसारखे काम करतो, आणि तंतूंच्या रेषेत लाकूड फुटण्याचा धोका राहतो. खळग्याभोवती भरपूर जाडी नसल्यास ही रीत टाळावी.

तिसरी रीत कमी खर्चाची असल्याने लहान कारखान्यांत उपयुक्त ठरते. टाकाऊ पण मजबूत लाकडाचा ठोकळा फेस प्लेटवर स्क्रूंनी पक्का करायचा, त्याचे तोंड सपाट कातायचे आणि त्यावर वाडग्याचे लाकूड डिंकाने चिकटवायचे. त्यामुळे मौल्यवान लाकडात स्क्रूची भोके पडत नाहीत. यासाठी दोन्ही पृष्ठे कोरडी व तंतोतंत जुळणारी हवीत, आणि सांधा किमान रात्रभर दाबून ठेवायला हवा. ओल्या लाकडावर सुतारी पांढरा डिंक धरत नाही. तो वरवर सुकल्यासारखा भासतो एवढेच.

कोणतीही रीत असली तरी टेलस्टॉकचा, म्हणजे समोरच्या बाजूच्या सरकत्या आधाराचा, उपयोग शक्य तितका उशिरापर्यंत करावा. बाहेरची बाजू कातताना तो काढण्याचे कारणच नसते. पोट कोरतानाही मध्यभागी एक शंकू ठेवून आधी भोवतालचा भाग काढता येतो.

लाखकामालाही चांगली पकड हवी असते. फिरत्या वस्तूवर लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पसरते आणि केवड्याच्या पानाने तिला झळाळी आणतात. वस्तू डगमगत असेल तर लाख फक्त उंचवट्यावर बसते. लाखेच्या अभ्यासासाठी १९२४ साली रांचीजवळ नामकुम येथे भारतीय लाख संशोधन संस्था स्थापन झाली होती. तिचेच २०२२ पासूनचे नाव राष्ट्रीय दुय्यम कृषी संस्था असे आहे.

बटण दाबण्यापूर्वी

लाकूड चढविल्यावर हत्याराचा टेकू लाकडापासून पाच मि.मी. च्या आसपास, साधारण अक्षाच्या उंचीवर आणून पक्का करावा आणि तुकडा हाताने पूर्ण एक फेरा फिरवून पाहावा. कोठेही घासत नाही, चकची किल्ली काढलेली आहे, टेलस्टॉक आणि टेकू यांचे खटके आवळलेले आहेत, वेग सर्वांत खालच्या पायरीवर आहे, याची खात्री झाल्यावरच विजेचे बटण. सुरुवातीचे अर्धे मिनिट कारागिराने लाकूड ज्या पातळीत फिरते त्या पातळीच्या बाहेर थांबावे, कारण सुटलेला तुकडा त्याच पातळीत उडतो. टेकू सरकवायचा तर यंत्र थांबवूनच. मोटर उलटी फिरविण्याची सोय असलेल्या यंत्रावर आट्यांनी चढविलेला चक उलट दिशेने सैल होऊन निघू शकतो, तेव्हा त्याला अडकण असल्याशिवाय ती सोय वापरू नये.

येथे परंपरेची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. जमिनीवर बसून काम करण्याच्या रीतीत कारागिराचा चेहरा फिरत्या लाकडाच्या जवळ असतो आणि त्याला चटकन बाजूला होता येत नाही. उभ्याने वापरायच्या यंत्रासाठी लिहिलेली सूचना, बाजूला उभे राहा, येथे लागू पडत नाही. अशा ठिकाणी यंत्राच्या तोंडाशी पत्र्याचा किंवा जाड जाळीचा आडोसा आणि संपूर्ण चेहरा झाकणारी पारदर्शक ढाल यांना पर्याय नाही. केवळ चष्म्याने गाल व जबडा वाचत नाही. खांद्यावरचा गमछा, सैल बाही, हातातील दोरा आणि हातमोजेसुद्धा फिरत्या यंत्राजवळ घातक आहेत. हातमोजा कातडी वाचवेल असे वाटते, प्रत्यक्षात तो बोटांना आत ओढून नेतो.

वीजपुरवठा खंडित होणे ही नित्याची बाब असलेल्या वस्त्यांत आणखी एक दक्षता आवश्यक आहे. वीज गेली की कारागीर उठून जातो, बटण चालूच राहते. वीज परत येते तेव्हा यंत्र आपोआप सुरू होते आणि त्या वेळी पकडीजवळ कोणाचाही हात असू शकतो. वीज जाताच स्वतः तुटणारे आणि पुन्हा हाताने दाबल्याशिवाय न जुळणारे बटण मिळते व ते महाग नसते. धूळ हा सावकाश होणारा अपघात आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ पासून लाकडाची धूळ निश्चित कर्करोगकारक घटकांत गणली आहे.

कायद्याची उंबरठा-रेषा

या सर्व दक्षता कोणाच्या जबाबदारीच्या? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २१ मध्ये यंत्रांना कुंपण घालण्याची आणि कलम ३५ मध्ये डोळ्यांच्या संरक्षणाची तरतूद होती. ती जबाबदारी कारखान्याच्या भोगवटादाराची होती. परंतु विजेवर चालणारा व १० कामगारांचा, किंवा विजेविना २० कामगारांचा, असा उंबरठा गाठल्याशिवाय त्या जागेला कारखाना म्हटले जात नसे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने या अधिनियमाची जागा घेतली आणि कारखान्याचा उंबरठा अनुक्रमे २० व ४० असा वाढविला. कश्मीरीगंजमधील घरात बाप, दोन मुलगे आणि एखादा शिकाऊ असे चौघे लेथवर बसत असतील, तर ते जुन्या कायद्याच्याही बाहेर होते व नव्या संहितेच्याही बाहेर आहेत. त्यांच्याकडे निरीक्षक येणार नाही.

विम्याचा आधारही अपुरा आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वार्षिक २० रुपये हप्त्यावर अपघाती मृत्यू अथवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख रुपये, तर एक डोळा, एक हात किंवा एक पाय कायमचा निकामी झाल्यास १ लाख रुपये मिळतात. कातकामातील अपघातात बहुतेकदा बोटे जातात. बोटांचा या व्याख्येत समावेश नाही, आणि कातारीचे उत्पन्न तर बोटांवरच अवलंबून असते.

भौगोलिक वस्तू निर्देशांक अधिनियम १९९९ मध्ये संमत झाला व १५ सप्टेंबर २००३ पासून अंमलात आला. त्याखालील नोंदणी दहा वर्षांसाठी असते व तिचे नूतनीकरण करता येते. या नोंदणीने नावाची नक्कल रोखता येते. वस्तू कोणत्या परिस्थितीत तयार झाली हे ती विचारत नाही. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेली पीएम विश्वकर्मा योजना या दृष्टीने अधिक जवळची आहे. तिच्या १८ व्यवसायांत सुतार आणि पारंपरिक बाहुल्या व खेळणी बनविणारे या दोहोंचा समावेश आहे. पाच ते सात दिवसांचे मूलभूत प्रशिक्षण, त्या काळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य आणि पाच टक्के व्याजाने दोन टप्प्यांत १ व २ लाख रुपयांचे कर्ज अशी तिची रचना आहे. अवजारांच्या या रकमेत चांगली पटाशी येते, तशीच फेस प्लेट, चेहऱ्याची ढाल आणि वर उल्लेखिलेले बटणही येऊ शकते. प्रशिक्षणाच्या पाच दिवसांपैकी एक दिवस केवळ लाकूड बसविणे व उतरविणे यासाठी राखणे शक्य आहे. त्यासाठी नव्या कायद्याची आवश्यकता नाही. प्रशिक्षकाला कुसू आणि खांदा यांतील फरक ठाऊक असला की पुरे.

सरावासाठी विद्यार्थ्यांनी पुढील प्रश्न सोडवावेत. २४ सें.मी. व्यासाचा वाडगा मिनिटाला ९०० फेऱ्यांनी फिरत असल्यास त्याच्या कडेचा वेग किती, आणि ढोबळ हिशेबानुसार हा वेग मर्यादेत आहे काय? (उत्तर : सेकंदाला सुमारे ११.३ मीटर, गुणाकार सुमारे ८,५०० येतो, म्हणून तोल साधलेल्या तुकड्यासाठी मर्यादेत, ओबडधोबड तुकड्यासाठी नाही.) भौगोलिक निर्देशांकाची नोंदणी आणि कारागिराची सामाजिक सुरक्षा यांतील अंतर वाराणसी किंवा सावंतवाडीच्या उदाहरणाने २५० शब्दांत स्पष्ट करावे. व्यावसायिक सुरक्षा संहितेतील कारखान्याचा उंबरठा वाढविण्याच्या बाजूने व विरोधात, घरगुती यंत्रकामाच्या संदर्भात, प्रत्येकी दोन मुद्दे मांडावेत.